बाकावरचा हंगाम

सोमवार, ४ नोव्हेंबर

क्रीडा साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. "खरा सुपरस्टार खेळाडू कशानं घडतो, यावर आठशे शब्द लिहून द्या. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी थोडे आढेवेढे घेतले, पण मनात म्हटलं, खरंच की. एकाच क्लबकडून तेरा हंगाम व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेली, नऊ वर्षं कप्तान असलेली आणि बस डेपोसमोरच्या इमारतीवर जिचा चार मजली फोटो आहे अशी बाई या शहरात तरी एकच आहे.

लिहायची सवय नाही. शाळा सुटल्यापासून पेन धरलं ते सह्या द्यायलाच. म्हणून ही वही आणली. रोज सुचेल ते टिपून ठेवायचं, त्यातून लेख काढायचा. नवरा म्हणाला, "आठशे शब्दांना एवढी जाड वही?" तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, त्याला म्हटलं, तू तुझे दोर बघ.

पहिलं टिपण: संघ एका गुणानं मागे असताना शेवटचा चेंडू ज्याच्या हातात द्यावासा वाटतो, तो सुपरस्टार. बाकीचे सगळे नुसते खेळाडू.

वाचून बरं वाटलं. आठशेपैकी पंधरा-वीस शब्द झाले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सराव संपल्यावर सरांनी ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे एक जाळीची खोली. अर्ध्या खोलीत चेंडूंच्या पिशव्या, उरलेल्या अर्ध्यात सर. त्यांनी दार लावून घेतलं तेव्हाच कळलं, काहीतरी आहे. ते दार नीट लागत नाही म्हणून कोणी कधी लावायच्या भानगडीत पडत नाही.

"बस."

"उभीच बरी आहे, सर. बसलं की गुडघा आखडतो."

"तेच बोलायचंय," सर म्हणाले. "या हंगामात पहिल्या पाचांत शिडी खेळेल. तू दुसऱ्या क्वार्टरला येशील. बारा-पंधरा मिनिटं."

शिडी म्हणजे क्लबनं आणलेली नवी मुलगी. बावीस वर्षांची, उंची सहा फूट तीन इंच. आमची सेंटर आहे तिला आम्ही भिंत म्हणतो, कारण तिच्यावर आपटून माणसं परत येतात. त्या भिंतीनं पहिल्याच दिवशी हिला शिडी म्हटलं आणि ते चिकटलं. उडी अशी मारते की चार घटका बघत राहावं. पण शिष्ट! आपण बोलायला लागलो की ही मान वळवून भलतीकडेच बघते. हाक तीनदा मारावी लागते. बसमध्ये डावीकडची खिडकी धरून बसते आणि उठवलं तरी उठत नाही. अशी मुलगी माझ्या जागी.

"कप्तान बाकावर बसलेली कुठं पाहिलीत?" मी विचारलं.

"कप्तान तूच राहशील."

"बसलेली कप्तान."

"हो."

सर कधी गोड बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण म्हणून मी तेरा वर्षं नव्या मुलींना सांगत आले. आज तो गुण माझ्या वाट्याला आला.

घरी कोणाला सांगितलं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

पहिला सामना. जिंकलो. मी अकरा मिनिटं खेळले, चार गुण केले.

नावं पुकारताना पहिल्या पाचांत माझं आलं नाही, तेव्हा वरच्या गॅलरीत कुजबुज झाली. मी बाकावर बसून बुटाची नाडी तीन वेळा सोडून बांधली. तिसऱ्या रांगेत सासूबाई थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्या पाचांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर म्हणाल्या, "अगं, घरात कळवायचं असतं. शेजारची बाई विचारत होती, सूनबाईंना बरं नाही का? मी काय सांगायचं? ताप आलाय म्हणू की रागावलीय म्हणू?"

"आई, मला वाटलं सर बदलतील."

"ते काय हवामान आहे?"

नवऱ्याला आठ दिवसांपासून अंदाज होता म्हणे. "भाजी चिरताना सुरी आपटत होतीस. पाट फुटेल असं वाटलं, म्हणून विचारलं नाही." हे कारण मला पटलं नाही, पण त्यानं गुडघ्याला शेक द्यायला पाणी गरम करून आणलं, तेव्हा मी पाय पुढे केला.

रविवार, १ डिसेंबर

लेख छापून आला. अख्खं पान, वर फोटो, पाच वर्षांपूर्वीचा. शेवटी फार जोर लावून लिहिला होता. सराव, जिद्द, शेवटचा चेंडू, लोकांच्या तोंडी असलेलं नाव, सगळं त्यात आलं होतं.

सासूबाईंनी चहा पिता पिता मोठ्यानं वाचून दाखवला. मी नको नको म्हणत ऐकत होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान आहे. एकोणतीस वेळा 'मी' आलंय."

"मोजलंत?"

"मोजलं नाही. जिभेला लागलं."

नवरा पेपरमागे हसत होता. पेपर हलत होता.

गुरुवार, ५ डिसेंबर

काल हरलो. मी नऊ मिनिटं.

पण एक विचित्र गोष्ट टिपून ठेवते. बाकावरून खेळ वेगळाच दिसतो. आत असताना आपल्याला चेंडू दिसतो आणि आपण जिला अडवतोय ती मुलगी दिसते. बाहेरून सगळी दहाच्या दहा दिसतात, आणि करण्यासारखं काही नसल्यानं बघावंच लागतं.

तर काल शिडी तीनदा आपटली. समोरच्या संघाची एखादी मुलगी वाटेत खांबासारखी उभी राहते, त्याला आम्ही अडसर म्हणतो. आपण चेंडूकडे बघत धावत असतो, अडसर दिसत नाही, म्हणून मागची खेळाडू ओरडते, "डावीकडे!" किंवा "उजवीकडे!" की आपण वळसा घालतो. साधी गोष्ट आहे, शाळेतल्या पोरी करतात. शिडी तिन्ही वेळा डावीकडच्या अडसरावर जाऊन आदळली. चिमणी, म्हणजे आमची सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची मुलगी, घसा फोडून ओरडत होती. मला बाकावर ऐकू येत होतं. उजवीकडून आलेले दोन अडसर मात्र शिडीनं सहज चुकवले.

खेळ संपल्यावर चिमणी म्हणाली, "मुद्दाम ऐकत नाही ती. आपल्याला किंमत देत नाही." भिंतही तेच म्हणाली. बस निघाली तेव्हा शिडी तिच्या डाव्या खिडकीला टेकून बसली होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज कपडे बदलायच्या खोलीत शिडीच्या डाव्या बाजूला बसले आणि हळू आवाजात म्हटलं, "तुझी नाडी सुटलीय." काही नाही. जरा मोठ्यानं म्हटलं. काही नाही. टॉवेल घेण्याच्या निमित्तानं उठून उजवीकडे गेले आणि पहिल्याइतक्याच हळू म्हटलं. ती लगेच वाकली.

नाडी सुटलेली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल घेतला आणि बाहेर आले.

बुधवार, ११ डिसेंबर

आज जे झालं ते खरं खरं लिहिते. इथं नाही लिहिणार तर कुठं.

सरांनी पुन्हा जाळीच्या खोलीत बोलावलं. दार लावलं नाही. म्हणाले, "ही शिडी ऐकत का नाही? सांगितलं की मान डोलावते आणि भलतंच करते. चार सामन्यांत दोन हरलो. तू एवढी वर्षं पोरी पाहिल्यास. काय भानगड आहे? तू म्हणशील तर पुढच्या सामन्यापासून तुला पहिल्या पाचांत घेतो."

एका वाक्याचं काम होतं. तेही खोटं नव्हे, खरं वाक्य. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

मी म्हणाले, "नवीन आहे, सर. वेळ द्या."

आणि बाहेर येऊन स्वतःच्या कपाळावर हात मारला. सांगायला हवं होतं. संघाचं हित त्यातच होतं, हे कोणीही सांगेल. मी भित्री आहे. गुडघा गेला तेव्हा बहुतेक त्याच्याबरोबर धमकही गेली. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो नुसताच बघत राहिला आणि म्हणाला, "आज भांडी मी घासतो." याचा काय संबंध?

शुक्रवार, १३ डिसेंबर

शिडीला सरावानंतर मैदानावर थांबवलं. सगळ्या गेल्यावर उजव्या बाजूला उभी राहून विचारलं, "कधीपासून?"

ती एकदम पांढरी पडली. एवढी उंच मुलगी, पण खांदे पाडून उभी राहिली तेव्हा माझ्याएवढी वाटली.

"सात वर्षांची होते. ताप आला होता. डावा कान गेला, पूर्ण." मग घाईघाईनं, "उजवा चांगला आहे, ताई. अगदी चांगला आहे. शांत असेल तर मला सगळं ऐकू येतं. पण गर्दी ओरडायला लागली की आवाज कुठून आला तेच कळत नाही."

"आणि आपण बोलताना तोंड फिरवतेस ते?"

"उजवा कान पुढे करते." तिचे डोळे भरले. "आधीच्या क्लबला कळलं, तेव्हा त्यांनी करार पुढे चालवला नाही. कोणाला सांगू नका ना. तुम्ही सांगितलं असतंत तर मी समजू शकले असते, पण..."

"पण काय?"

"तुम्हाला नाडीच्या दिवसापासून माहीत होतं."

मी तिला म्हटलं, रडू नकोस, फरशी घसरडी होते. मग विचारलं, "हात दिसतात ना?"

"काय?"

"डोळ्यांना हात दिसतात ना? मग झालं तर."

गुरुवार, १९ डिसेंबर

सहा खुणा बसवल्या. मांडीवर मूठ आपटली की सरळ रिंगकडे धाव. कानाची पाळी ओढली की डावीकडे अडसर. डोक्यावर तळवा ठेवला की परत फीर. आणखी तीन आहेत. नुसत्या शिडीला शिकवल्या असत्या तर सगळ्यांना संशय आला असता. म्हणून सगळ्या संघालाच शिकवल्या. सांगितलं की समोरच्या संघाला आपण काय ओरडतो ते कळतं, हातवारे कळणार नाहीत. चिमणीला एवढं आवडलं की ती आता पाणीसुद्धा खुणेनं मागते.

यात माझा स्वार्थ आहे हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना मलाच मी संत वाटेन. बाकावरून ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. शिवाय संघ हरत राहिला तर लोक म्हणणार, कप्तान बसली आणि संघही बसला.

शनिवार, ४ जानेवारी

सलग तिसरा विजय. शिडीचे अठ्ठावीस गुण. डावीकडून आलेले पाच अडसर, पाचही चुकवले. टीव्हीवरचा माणूस म्हणत होता की या संघानं एक गूढ सांकेतिक भाषा शोधली आहे आणि त्यामागे सरांचं डोकं आहे. सरांनी मुलाखतीत नाही म्हटलं नाही. मला हसू आलं.

सामन्यानंतर सर माझ्यावर खेकसले. "तू सारखी माझ्यापुढे उभी राहतेस. मला खेळ दिसत नाही."

"बसले की गुडघा आखडतो, सर."

"मग बाजूला उभी राहा."

बाजूला उभी राहिले की शिडीला मी दिसत नाही. पण हे त्यांना कसं सांगणार? उद्यापासून त्यांचीच खुर्ची जरा सरकवून ठेवीन.

रविवार, १२ जानेवारी

डेपोसमोरचा माझा फोटो उतरवला. मी नेमकी बसमधून तिथंच उतरले. दोघं जण दोरीला लटकून काम करत होते. वरचे दोन मजले सुटले होते आणि माझं नाक तिसऱ्या मजल्यावर उलटं लोंबत होतं. बाजूला गुंडाळीत शिडीचा फोटो पडला होता.

वाईट वाटलं. हे लिहायला लाज कसली. नऊ वर्षं रोज सकाळी त्या फोटोकडे न बघण्याचं नाटक करत मी बसची वाट बघत आले. थांब्यावर शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं बदलला. फार वर्षं झाली होती त्या बाईला." त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "हो ना."

मग तासभर थांबून नवा फोटो नीट लागतोय की नाही ते बघितलं. डावीकडचा कोपरा तिरका होता. ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी सरळ केला.

रविवार, २ फेब्रुवारी

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, कारण बरं चाललंय. मी दहा-बारा मिनिटं खेळते. भिंतीला फ्री थ्रोची भीती वाटते हे मला तेरा वर्षांत माहीत नव्हतं. चेंडू हातात घेण्याआधी तिचा अंगठा थरथरतो. आता आम्ही दोघी सरावानंतर रोज पन्नास फ्री थ्रो मारतो. मला घरी लवकर जाऊन करायचंय काय?

चिमणी हल्ली शिडीशेजारी बसते. उजवीकडे. तिला कोणी सांगितलं नाही. म्हणते, त्या बाजूला बसलं की शिडी जास्त बोलते.

एक मात्र लिहून ठेवते. शिडी खरी सुपरस्टार आहे, हे आता माझ्या तोंडून निघायला हरकत नाही. ती आत आली की बाकीच्या चौघी चांगल्या खेळायला लागतात. हे कसं होतं ते मला नीट कळलेलं नाही. लेख आता लिहायला हवा होता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शिडीला घरी जेवायला बोलावलं. दाराची चौकट तिच्या कपाळाला लागली. नवरा म्हणाला, "आमच्या लिफ्टमध्ये उंचीची पाटी नसते, आता लावतो." ती इतकी हसली की मला आश्चर्य वाटलं. क्लबमध्ये तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलंय. जेवण सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच त्या उठल्या, आपलं ताट उचललं आणि शिडीच्या उजवीकडे येऊन बसल्या.

"कुठला कान गेलाय?" त्यांनी भाजी वाढता वाढता विचारलं.

शिडीनं माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, की मी नाही सांगितलं.

"हिनं काही सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांचं ऐकण्यात गेली माझी. कोण ऐकतंय आणि कोण ऐकल्यासारखं करतंय, ते मला भिंतीपलीकडून कळतं. घरचे सोडून कोणाला माहीत आहे?"

"ताईंना."

"आणि तुमच्या सरांना?"

शिडी ताटातली भाजी चिवडायला लागली.

"हे बघ बाळ, लपवायला एक हात अडकतो. तुझ्या खेळाला दोन्ही लागतात ना?" एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि तिला गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं. माझ्याकडे बोट दाखवून.

रविवार, ९ मार्च

अंतिम सामना. एका गुणानं हरलो.

झोप येण्याआधी जेवढं आठवतंय तेवढं लिहून टाकते. शेवटच्या क्वार्टरमध्ये सरांनी मला नऊ मिनिटं आत ठेवलं. देवाला काय वाटलं कोणास ठाऊक, लांबून मारलेले माझे तीन चेंडू ओळीनं आत गेले. गॅलरी "ताई! ताई!" ओरडायला लागली. किती दिवसांनी! अकरा सेकंद उरले, एक गुण मागे, आणि सरांनी टाइमआउट घेतला.

त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. चेंडू माझ्याकडे. उजव्या कोपऱ्यातून मी मारायचा. शिडीनं डावीकडे राहून तिथली खेळाडू अडकवून ठेवायची. लोक इतके ओरडत होते की सर अगदी तोंडाजवळ येऊन बोलत होते तरी तुटक तुटकच ऐकू येत होतं. शिडी मान डोलावत होती. ते डोलावणं मी ओळखते. तिला एक अक्षर कळलेलं नव्हतं.

मी तिच्या समोर गुडघ्यावर बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळवलं आणि सगळं खुणांनी पुन्हा सांगितलं. तिच्या डोळ्यांत ते उतरलेलं दिसेपर्यंत. तेवढ्यात सरांनी माझ्यासाठी आणखी काहीतरी सांगितलं. ते माझं राहूनच गेलं.

चेंडू आला. लगेच दोघी माझ्या अंगावर. साहजिकच आहे, मारणार कोण हे अख्ख्या हॉलला माहीत होतं. डावीकडे शिडी एकटी होती, तिच्याजवळ कोणी नाही. हाक मारून उपयोग नव्हता. मांडीवर मूठ आपटली. ती धावली. चेंडू वर टाकला, तिनं हवेतच घेतला आणि मारला.

रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला.

मी स्वतः मारला असता तर? मनात आलं ते लिहिते: माझा आत गेला असता. आज हात तसाच चालत होता. पण दोघी अंगावर होत्या आणि ती मोकळी होती. मोकळी असेल तिला द्यायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, १० मार्च

कालचं थोडं राहिलं.

भोंग्यानंतर शिडी मैदानाच्या मधोमध बसली, उठेचना. मी तिच्या उजव्या बाजूला बसले. गुडघा आखडला, पण बसले.

"माझ्यामुळे हरलो," ती म्हणाली.

"शेवटच्या क्षणाचे असे किती मारलेत मी, माहीत आहे?"

"सगळे सांगतात ना. पाच जिंकून दिलेत."

"पाच गेले. एकवीस चुकले. चुकलेल्यांचे फोटो लावत नाहीत म्हणून कोणाला माहीत नाही. मला माहीत आहेत, कारण मी मोजलेत." हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. "बाविसावा मारायला मागायचा, एवढंच जमलं पाहिजे. उद्या कोणी तुला शेवटचा चेंडू दिला तर घेशील?"

तिनं मान डोलावली. हे डोलावणं खरं होतं.

मग आम्ही आत गेलो. सर एकटेच बाकावर बसले होते. शिडी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. मी लपवलं."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"डिसेंबरपासून."

"डिसेंबरात मी तुला विचारलं होतं."

"हो, सर."

"पहिल्या पाचांत घेतो म्हणालो होतो."

"हो."

ते मान खाली घालून फरशीकडे बघायला लागले, तेव्हा मला वाटलं, झालं, दोघींचाही निकाल लागला. मग उठून उजव्या बाजूनं शिडीजवळ गेले आणि म्हणाले, "मला वाटायचं तू मला टाळतेस. उद्या डॉक्टरांना भेटून ये. काढत नाही तुला, घाबरू नकोस." मला म्हणाले, "आणि तू त्या खुणा नीट लिहून दे. सगळ्या. पुढच्या वर्षी लागतील." पुढच्या वर्षी मी असेन की नाही हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. खुणा मात्र सहाच्या चौदा झाल्यात, लिहून द्यायला वेळ लागेल.

शनिवार, २२ मार्च

आज दुपारी हंगामाच्या बक्षिसांचा समारंभ झाला. मोठं हॉटेल, गुळगुळीत फरशी, थंडगार हॉल. हंगामातली सर्वोत्तम खेळाडू: शिडी. अपेक्षेप्रमाणेच. नवरा मधूनच उठून गेला, कुठंतरी लिफ्टमध्ये दोघं अडकली होती. अजून आला नाही.

शिडी खूप बोलली म्हणतात. तिनं कानाचंही सगळं सांगून टाकलं. बाहेर पडताना वार्ताहर तिच्याभोवती इतके होते की मला जवळ जाता आलं नाही. तिनं लांबूनच मांडीवर मूठ आपटून दाखवली. मी हात हलवला. भिंत मला घट्ट मिठी मारून रडली. पण तिचं काय, ती जाहिरात बघूनही रडते. सर हात मागे बांधून आले आणि म्हणाले, "ऐकलंस ना?" सगळीकडे गोंगाट होता, मी हो म्हटलं. त्यांनी चक्क माझ्या खांद्यावर थोपटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. वय झालं सरांचं.

खरं म्हणजे तिचं भाषण मी ऐकलंच नाही. ती माईकजवळ गेली आणि तेवढ्यात सासूबाईंना बाथरूमला जायचं झालं. त्या फरशीवर त्यांना एकटं कसं सोडणार? आत गेल्यावर त्यांचा चष्मा सापडेना. बेसिनखाली शोधला, पर्समध्ये शोधला, शेवटी त्यांच्या डोक्यावरच सापडला. त्यात दहा-बारा मिनिटं गेली. सोमवारी शिडी भेटली की विचारीन, काय बोललीस म्हणून.

आम्ही परत आलो, दार ढकललं, तर अख्खा हॉल उभा राहिलेला आणि टाळ्यांचा कडकडाट. शिडी स्टेजवरून आमच्याच दिशेनं बघत होती आणि डोळे पुसत होती. सगळी तोंडं दाराकडे वळलेली. मी घाईनं मागे वळून बघितलं, कोण मोठं माणूस येतंय म्हणून. मागे कोणीच नव्हतं. तरी आम्ही बाजूला सरकून वाट मोकळी करून दिली.

कोणी आलं नाही. टाळ्या काही थांबेनात.

सासूबाई म्हणाल्या, "कोणासाठी आहेत गं?"

"शिडीसाठी असतील, आई."

"मग आपणही वाजवूया की."

त्यांनी पर्स काखेत धरली, आणि दारात उभ्या राहून आम्ही दोघींनीही वाजवल्या.